पाठीवरचे बिऱ्हाड
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



इटलीच्या प्रवासाविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही केवळ मॅट्रिक. अडतीस वर्षे जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून बाराखडी आणि पाढे शिकविले, एवढीच आमची विद्वत्ता. परदेशप्रवासावर व्याख्याने देणारी विद्वान मंडळी निराळी. परंतु या प्रवासाचा एक धागा आपल्या ज्ञातीच्या जुन्या पंचायतीपर्यंत, किंबहुना खुद्द आमच्या घरापर्यंत येऊन पोहोचतो. तो येथेच, आपणां सर्वांसमक्ष सांगितला पाहिजे असे मनाने घेतले, म्हणून उभे राहिलो आहोत.

आम्ही परत आल्यावर गावात बरेच बोलले गेले, तेही आमच्या कानांवर आहे. म्हातारपणी खूळ लागले, फंडाचा पैसा उधळला, नातवाच्या शिक्षणाला ठेवला असता तर काय बिघडले असते, वगैरे. बोलणारांस आम्ही दोष देत नाही. आपण सारे सांगून होईपर्यंत थांबावे, एवढीच विनंती.

आम्ही चौघे स्नेही पैनगंगेकाठच्या एकाच गावचे. एक एस. टी.चे निवृत्त वाहक, एक निवृत्त कंपाउंडर, एक कापूस-सोयाबीन पिकविणारे शेतकरी आणि चौथे आम्ही. जाण्याचे कारण त्या शेतकरी मित्रांच्या घरचे होते. त्यांचे थोरले चुलते १९४१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, घरी न सांगता पलटणीत भरती झाले. लग्न आदल्याच वर्षी झालेले. पुढे पलटण समुद्रापार गेली. १९४४ च्या पावसाळ्यात गावी तार आली, ती पोस्टमास्तरांनी वाचून दाखविली. तीत शिपाई बेपत्ता असे होते. काही महिन्यांनी एक इंग्रजी कागद आला आणि त्यासोबत विधवा पत्नीने अंगठा उठविण्याचा नमुना आला. तो अंगठा चुलत्यांच्या मातोश्रींनी उठवू दिला नाही. सुनेने अंगठा लावला म्हणजे लेक मेला असे आपणच लिहून दिल्यासारखे होईल, ही त्या माउलीची समजूत. "माहा लेक येईन," एवढेच त्या म्हणत. कागद त्यांनी आढ्याला खोचला, तो तेथेच वाळवीने खाल्ला. आखाजीला घरात पितरांच्या नावाने घागरी भरत, पण या लेकाच्या नावाची घागर त्यांनी भरू दिली नाही. १९६८ साली त्या वारल्या, आणि त्यानंतरही ती कोणी भरली नाही. न भरण्याचीच त्या घराला सवय झाली होती.

ती सून म्हणजे आमच्या मित्रांची मोठीआई. त्यांना आम्ही लहानपणापासून पाहिले. कपाळी ठसठशीत कुंकू, हातांत काकणे, आणि हळदीकुंकवाला कोणी बोलाविले तर उंबरठ्याशी बसून राहावयाचे. कारण सवाष्ण म्हणून ओटी भरावी की भरू नये, हे गावच्या बायकांना कधीच उमगले नाही. १९९१ मध्ये त्या गेल्या तेव्हाही मयताला हिरवे लुगडे नेसवावे की पांढरे, यावरून अंगणात तासभर वाद झाला. त्यांच्या फणेरपेटीत चुलत्यांचे एकच पत्र सापडले. त्यावर पलटणीचा शिक्का आणि शिपाई क्रमांक होता. मोठीआईंना अक्षर वाचता येत नव्हते. तरी सत्तेचाळीस वर्षे तो कागद त्यांनी कसरीला लागू दिला नाही.

तीन वर्षांपूर्वी मित्रांच्या पुण्यास शिकत असलेल्या नातीने तो क्रमांक संगणकावर शोधला. युद्धात पडलेल्या राष्ट्रकुलातील सैनिकांच्या समाध्या राखण्यासाठी १९१७ साली एक आयोग स्थापन झाला असून त्याची नामावळी आता कोणालाही पाहावयास मिळते. दर्जा, वंश, धर्म असा भेद न करता प्रत्येकाचे नाव राखावयाचे, असे त्या आयोगाचे ब्रीद. (ते सर्वत्र पाळले गेले नाही, पहिल्या महायुद्धातील आशिया व आफ्रिका खंडांतल्या हजारो सैनिकांची नावे कोरलीच गेली नाहीत, अशी कबुली त्याच आयोगाने २०२१ मध्ये दिली आहे.) आमच्या मुलीला नाव सापडले. गावाचे नाव चुकीचे लिहिलेले, चुलत्यांच्या नावातही एक अक्षर इकडचे तिकडे. परंतु क्रमांक तोच, वडिलांचे नाव तेच, जिल्हा तोच. मृत्यूचा महिना जुलै १९४४. नाव कोरले आहे ते इटलीतील कासिनो येथील स्मारकावर. देह न सापडलेल्यांची नावे तेथे आहेत.

मित्र त्याच सायंकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "गुरुजी, आपल्याले तिथं जा लागते." आम्ही रुकार दिला. का दिला, ते पुढे सांगतो.

सहलीच्या कंपन्या रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस दाखवितात. कासिनोला कोणी नेत नाही. तेव्हा आपले आपणच, पाठीवर एकेक पिशवी घेऊन, स्वस्त वसतिगृहांतून उतरत आणि जमेल तेथे पायी जात प्रवास करावयाचे ठरले. तिकडची तरुण मुले असाच करतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आम्ही वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिली. तिचा अर्थ मुंबईच्या विमानतळावर खांद्यांना पट्टे रुतू लागले तेव्हा पुरता कळला. मुलांच्या दप्तराचे ओझे फार होते अशी तक्रार पालक करीत, तेव्हा आम्ही ती हसण्यावारी नेत असू. त्या मुलांची आम्ही मनोमन क्षमा मागितली. पिशवीत दोन जोडी कपडे, घोंगडी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुडघ्याचे तेल, आणि मित्रांच्या पिशवीत पैनगंगेच्या पाण्याची एक लहानशी बाटली.

रोमविषयी फार बोलत नाही. पुस्तकांत ते पुष्कळ आहे. रस्तोरस्ती बिडाचे नळ अहोरात्र वाहत असतात आणि त्यांचे पाणी खुशाल पिता येते, याचे आम्हां टंचाईच्या मुलखातल्यांना सर्वांत अधिक कौतुक वाटले. वसतिगृहात एका खोलीत आठ जण, पलंगावर पलंग. वरच्या पलंगावर चढण्याचा मान वयोमानाने सर्वांत लहान असलेल्या कंपाउंडरांना मिळाला. त्यांचे वय त्रेसष्ट. वाहक मित्रांना मात्र एका गोष्टीने बेचैन केले. लहान पल्ल्याच्या आगगाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात आपणच घालून त्यावर ठसा उमटवावयाचा, न उमटविल्यास दंड. तीस वर्षे दुसऱ्यांची तिकिटे टोचलेल्या त्या गृहस्थांनी आम्हां चौघांची तिकिटे प्रत्येक स्थानकावर स्वहस्ते यंत्रात घातली, आणि दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

रोमहून उत्तरेस पेरुजिया आणि तेथून टायबर नदीच्या काठाने उंबेर्तिदे या गावी आलो. हा उंब्रिया प्रांत. डोंगर, द्राक्षे, जैतुनाची झाडे आणि नांगरून ठेवलेली ढेकळांची शेते. सप्टेंबर महिना होता. तेथून मोंतोने हे डोंगरावरचे तटबंदीचे गाव सुमारे तीन कोस. वाहन मिळाले असते. परंतु चुलते याच मुलखात पायी चालले असतील, म्हणून आम्हीही पायीच निघालो.

या ठिकाणी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन इटलीत लढल्या. पन्नास हजारांवर हिंदी सैनिक त्या भूमीवर उतरले. त्यांपैकी ५,७८२ परत आले नाहीत. इटलीतील लढायांत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांनी मिळविले, आणि त्या सहांत दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना जखमी सोबत्यांना वाचविले. ते जिवंत परतले आणि १९८४ पर्यंत होते. दुसरे यशवंत घाडगे, आजच्या रायगड जिल्ह्यातील. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील झाडून सारे मशिनगनच्या माऱ्यात पडले. एकटे उरलेले नाईक घाडगे धावत गेले, बाँबने तोफ बंद पाडली, एकास गोळीने टिपले. पुन्हा गोळ्या भरण्यास वेळ नाही असे पाहून बंदुकीची नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळविले, आणि त्याच जागी नेमबाजांच्या गोळ्यांनी स्वतः पडले. वय बावीस. त्यांचाही देह सापडला नाही.

आमच्या मित्रांचे चुलते याच पलटणीचे, याच खोऱ्यात, याच महिन्यात बेपत्ता झाले. त्यांनी काय केले, कसे पडले, हे सांगणारा कोणी नाही. त्यांना पदक नाही.

चढ मोठा होता. दर फर्लांगाला कोणीतरी बसे. वाटेत पाठीवर आमच्यासारख्याच पिशव्या घेतलेली इटालियन माणसे भेटली. संत फ्रान्सिसच्या नावे असिसीपर्यंत पायी जाणारी यात्रा या प्रांतातून जाते. शेगावहून पंढरीला निघालेल्या पालखीत पाय सुजलेला वारकरी जसा दिसतो, अगदी तसाच एक साठीतला गृहस्थ झाडाखाली मोजे काढून बसला होता. कंपाउंडरांनी आपले तेल त्याला दिले. भाषा कोणाची कोणाला कळली नाही, पण गुडघे सर्वांचे सारखेच.

दुपारी एका खाणावळीत तव्यावर भाजलेली जाड भाकरी मिळाली. तिला ते तोर्ता म्हणतात. दगडी वा लोखंडी तव्यावर यीस्ट न घालता भाजतात. आमच्याकडील पानग्याची सख्खी बहीण! त्यावर आमची शेंगदाण्याची चटणी घालून आम्ही जेवलो. खाणावळीच्या बाईने चटणी बोटावर घेऊन चाखली आणि लगेच पाण्याचा पेला उचलला.

मोंतोने हे ब्राच्चो फोर्तेब्राच्चो नावाच्या पंधराव्या शतकातील भाडोत्री सेनानायकाचे गाव. त्याने आज या राजाची, उद्या त्या पोपची चाकरी करून शेवटी पेरुजियाचे धनीपण मिळविले. आपल्या सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवरावांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. निजामशाही आणि मोगल या दोन दगडांवर पाय ठेवून त्यांनाही जन्म काढावा लागला. गरीब मुलखातील बलदंड पोरे दुसऱ्याच्या लढाईत पोट भरावयास जातात, हे तेथेही तसेच आणि येथेही तसेच. असो. याच गावात जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांचे स्मारक उभारले गेले. ते छायायंत्राच्या रूपात आहे. सावली सरकते आणि वेळ दाखविते. आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन शब्द हे त्याचे ब्रीद. मित्र त्या सावलीकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. परत उतरल्यावर त्यांनी पैनगंगेच्या बाटलीतील अर्धे पाणी टायबरच्या पात्रात सोडले. उरलेले अर्धे कासिनोसाठी राखले.

कासिनो रोमच्या दक्षिणेस. डोंगरमाथ्यावर संत बेनेडिक्टचा चौदाशे वर्षांहून जुना मठ आहे. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी तो धुळीस मिळविला. पुढे जसाच्या तसा बांधून १९६४ मध्ये त्याची पुन्हा प्रतिष्ठा झाली. त्या डोंगराच्या पायथ्याशी युद्धस्मशान आहे. चार हजारांवर थडगी एका ओळीत, हिरवळ कातरलेली, पालापाचोळा नाही. मध्ये पाण्याचा हौद आणि दोहो बाजूंस हिरव्या संगमरवराच्या उंच शिळा. देह न मिळालेल्या चार हजारांवर सैनिकांची नावे पलटणीवार आणि हुद्द्यावार कोरलेली.

मराठा पलटणीची शिळा आम्ही शोधली. नाईकांत यशवंत घाडगे यांचे नाव मिळाले. त्याखाली शिपायांची नावे. बोटाने एकेक ओळ उतरत आम्ही त्या नावाशी आलो. मित्रांना इंग्रजी येत नाही. त्यांनी विचारले, "गुरुजी, हे आमचंच हाये का?" आम्ही होय म्हणालो. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, उरलेले पाणी शिळेच्या पायाशी ओतले आणि मोठ्याने, जणू शेताच्या बांधावरून हाक मारावी तसे, गावाकडील नावाने चुलत्यांना हाक मारली. दूर गवत कापणारा माळी काम थांबवून उभा राहिला.

आता आम्ही का गेलो ते सांगतो. त्या शिळा उघडल्या गेल्या त्याचे साल तेथे वाचले: १९५६. ते वाचताच आमच्या पोटात कालवले.

१९५२ साली मोठीआईंचे भाऊ जालन्याकडून आले होते. बहीण पंचविशीची, मूलबाळ नाही; तिला घरी नेऊन पाट लावून द्यावा, अशी त्यांनी पंचांकडे परवानगी मागितली. पाट आपल्या ज्ञातीत निषिद्ध नव्हता. पंच बसले. सासूबाईंनी कागद आल्याचेच नाकारले. पंचांनी निवाडा दिला की मृत्यूचा पुरावा नाही. शास्त्राप्रमाणे बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करावे आणि मग पुढचा विचार. सबब परवानगी नाही. ती जुनी वही आमच्या घरी आहे. निवाडा ज्या अक्षरात आहे ते अक्षर आमच्या आजोबांचे. सरपंच तेच होते.

बुलढाण्याच्या एका वकील स्नेह्यांकडून आम्हांस पुढे कळले की, १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मृत मानावा असा दंडक होता. म्हणजे १९५१ मध्येच मोठीआई मोकळ्या झालेल्या होत्या. विधवाविवाह तर १८५६ पासून कायदेशीर. बरे, शास्त्रच पाहावयाचे तर पती बेपत्ता झालेल्या स्त्रीस दुसरा पती करण्याची मुभा पराशरस्मृतीतही आहे, आणि विद्यासागरांनी शंभर वर्षांपूर्वी तिचाच आधार घेतला होता. आमच्या आजोबांनी बारा वर्षांचे शास्त्र तेवढे उचलले. बारा वर्षे १९५६ मध्ये भरली. इकडे सासूबाईंनी पुतळा करू दिला नाही, भाऊ दरम्यान वारले होते, पंचांपुढे तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. आणि त्याच वर्षी तिकडे कासिनोस, परक्या लोकांनी, परक्या दगडावर, तो पुरावा कोरून उभा केला होता. तो तेथे अडुसष्ट वर्षे कोणीतरी आपले येईल म्हणून उभा होता.

आजोबा दुष्ट नव्हते. दुष्काळात त्यांनी स्वतःची कणगी फोडून गावाला ज्वारी दिली, हे आपल्यातील वृद्धांना स्मरत असेल. पण पलटणीच्या कचेरीला एक पत्र लिहावे, हे त्यांना सुचले नाही. लिहिता येणारे ते एकटेच होते.

कासिनोहून निघताना आम्ही हे सारे मित्रांना सांगितले. निवाडा आजोबांचा होता हे त्यांना ठाऊक नसेल अशी आमची कल्पना. ते म्हणाले, "ठाऊक हाये, गुरुजी. मोठीआईनंच सांगितलं होतं. म्हून तर तुम्हाले संग आणलं." पुढे रोमपर्यंत आम्ही चौघेही बोललो नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी आखाजीला मित्रांच्या घरी चुलत्यांच्या नावाची घागर प्रथमच भरली गेली. आम्ही बसलो होतो. त्या वेळी घरातील सुनांनी प्रश्न काढला की मोठीआईंचे श्राद्ध इतकी वर्षे अविधवानवमीला होते. आता तर त्या सत्तेचाळीस वर्षे विधवा होत्या असे ठरले, मग तिथी बदलावी काय? मित्रांनी साफ नाही म्हटले. पत्र त्यांनी राखले, कुंकूही त्यांनीच राखले, त्यांचे आपण पुसावयाचे नाही, असे ते म्हणाले. घागरीवर आंब्याची डहाळी ठेवून पुरणाचा घास वाढला गेला.

ती जुनी वही आम्ही आज सोबत आणली असून सभेनंतर मंडळाच्या स्वाधीन करीत आहोत. आजोबांच्या निवाड्याखाली आम्ही शिपाई क्रमांक, मृत्यूचा महिना आणि स्मारकाचे ठिकाण आमच्या हाताने लिहून सही केली आहे. ज्या घरांतून कोणी पलटणीत गेले आणि परत आले नाही, त्यांनी नाव, वडिलांचे नाव, गाव आणि जुने पत्र वा क्रमांक असल्यास तो घेऊन रविवारी सकाळी कार्यालयात यावे. मित्रांची नात सुटीत येथेच असते. ती शोधून देईल. काल सायंकाळपर्यंत दोन घरची माणसे येऊन गेली. एका घरी क्रमांक नाही, केवळ एक पितळी बक्कल आहे. ते येथे टेबलावर ठेवले आहे. जाताना ज्यांना ओळखता येईल त्यांनी पाहून जावे.